शिन्यांग्याहून बापूजींना

शिन्यांगा, टांझानिया
११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बापूजी,

पाया पडते. मी इथं नीट पोचले, प्रकृती चांगली आहे. तुमच्या गुडघ्याचं काय? सुरभीच्या बाबांना फोनवर विचारलं तर ते 'ठीक आहे' म्हणतात. त्यांना काहीही विचारलं तरी ते तेवढंच म्हणतात, म्हणून तुम्हालाच विचारते.

फोन तुम्ही हातात घेत नाही, म्हणून हे पत्र. सुरभीचे बाबा म्हणाले, लिहून त्याचा फोटो पाठव, मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतो. मी नको म्हटलं. दुकानदार आधी स्वतः वाचेल, मग अल्लीपूरच्या बाजारात सांगेल, आणि तुमच्या हाती येईस्तोवर पत्र शिळं होईल. त्यापेक्षा पोस्टानं महिना लागला तरी चालेल.

शाळा मोठी आहे. मुलं-मुली दोन्ही, बरीचशी वसतिगृहात राहणारी. मला वरच्या वर्गांना फिजिक्स दिलं आहे. राहायला शाळेमागंच दोन खोल्या आहेत, वर टिनं. पाणी एक दिवसाआड येतं, पण त्याचं मला काय नवल? उन्हाळ्यात आपल्याकडंही तेच असतं. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा करतात, त्याला उगाली म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस तो घशाखाली उतरेना. मग बाजारात एका बाईपुढं चवळईच्या जुड्या दिसल्या. नाव निराळं, भाजी तीच. लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि उगालीसोबत पोटभर जेवले.

इथं बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत. पहिल्या लेकराच्या नावानं ओळखतात. मी 'मामा सुरभी'. मामा म्हणजे आई. सुरभीला सांगितलं तर ती म्हणे, मग माझ्या खऱ्या मामाला तिथं काय म्हणतील? आणि लहानांनी मोठ्यांना भेटलं की 'शिकामू' म्हणायचं, म्हणजे 'पाय धरतो'. मोठ्यांनी 'मराहाबा' म्हणायचं. सकाळी वर्गात गेलं की सारा वर्ग उभा राहून शिकामू म्हणतो. मला पहिल्या दिवशी भरूनच आलं.

तुम्हाला खास सांगायचं ते हे की शाळेच्या कुंपणाला लागून पऱ्हाटी आहे. सध्या पात्या धरल्या आहेत, फुलं अजून नाहीत. झाडं आपल्यापेक्षा बुटकी. कापसाला पांबा म्हणतात. मी रोज संध्याकाळी कुंपणाशी जाऊन बघून येते.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही पहाटेच वावरात निघून गेलात. आदल्या दिवशी म्हणालात, "घरची सून समुद्रापल्याड जाऊन शिकवीन, आन आमी इथं लोकाईले काय सांगावं?" त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. गावच्या शाळेत माझं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इतकी वर्षं विनाअनुदानित तुकडीवर शिकवलं, अनुदान आलं आणि माझी जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या नात्यातल्या मुलीला गेली. एवढंच झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

गुडघ्याला तेल लावून घेत जा. स्वतः वाकू नका, सुरभीला सांगा.

तुमची सून
अपेक्षा


शिन्यांगा
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बापूजी,

पाया पडते. आज आधी एक तक्रार.

सुरभीचे बाबा सांगतात की माझं पत्र तुम्ही न फोडताच खाटेखालच्या पेटीत टाकलं. आणि मागच्या आठवड्यात तुमचे चहाच्या टपरीवरचे सोबती तानबाकाका त्यांना बसस्टँडवर भेटले आणि विचारू लागले, "काऊन रे ओमप्रकाश, तुह्या बायकोच्या तिकडली पऱ्हाटी बुटकी काऊन हाय? पानी कमी पडते का?"

न फोडलेल्या पत्रातली पऱ्हाटी तानबाकाकांना कशी दिसली, ते मी विचारणार नाही. त्यांना सांगा, पाणी कमीच पडतं, आणि बीही जुनं आहे.

हे ऐकल्यापासून मला लिहायला हुरूप आला आहे. म्हणून आता खरं सांगते. पहिल्या पत्रात मी सगळं छान चाललंय असं लिहिलं. छान काही नव्हतं.

पहिले चार महिने वर्गात कुणी तोंड उघडलं नाही. मी शिकवायची, फळा भरायची, विचारायची, समजलं का? सारा वर्ग एका सुरात 'यस मॅडम' म्हणायचा. चाचणी घेतली की कोरे कागद. मला वाटलं, माझं इंग्रजीच यांना कळत नसेल. मी हळू बोलून पाहिलं, सोपं करून पाहिलं. तरी तेच.

इथल्या मुख्याध्यापिका मामा रेहेमा. उंच, करड्या आवाजाच्या, आणि शब्दाच्या पक्क्या. एक दिवस त्या मागच्या बाकावर येऊन तासभर बसल्या. नंतर ऑफिसात बोलावून म्हणाल्या, "तू चांगलं शिकवतेस, मामा सुरभी. पण कुणाला शिकवतेस? वर्षाअखेर असंच राहिलं तर तुझा करार पुढं चालवता येणार नाही." मी खोलीवर आले आणि भांडी घासत बसले. दुसरं काही सुचेना. परत यायचं तर अल्लीपूरच्या बसमधून उतरायचं कसं, हेच डोळ्यापुढं येत होतं.

मग हळूहळू लक्षात आलं. ही पोरं सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकतात आणि आठवीत गेली की एकाएकी सारं इंग्रजीत. आणि शाळेत स्वाहिली बोललं की शिक्षा. म्हणजे चूक होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. बापूजी, ही मुलं मला अनोळखी नव्हती. मी स्वतः अशीच होते. गावच्या मराठी शाळेतून वर्ध्याच्या कॉलेजात गेले तेव्हा पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. उत्तर यायचं, पण इंग्रजीत कसं म्हणायचं ते जुळवता जुळवता दुसराच कुणी उठून सांगायचा.

मी स्वाहिली शिकायला लागले. स्वयंपाकघरातल्या बाया मला शब्द शिकवायच्या आणि मी ते हातावर पेनानं लिहून घ्यायची. जून महिन्यात एका सकाळी मनाचा हिय्या करून वर्गात स्वाहिलीत बोलले. न्यूटनचा तिसरा नियम होता. जेवढं बल, तेवढंच उलट दिशेनं बल. बलाला स्वाहिलीत 'न्गुवू' म्हणतात. माझ्या तोंडून 'न्गोम्बे' गेलं. न्गोम्बे म्हणजे गाय. मी मोठ्या थाटात सांगितलं की प्रत्येक गायीला तेवढीच मोठी आणि उलट दिशेची गाय असते.

 मग कुणीतरी फिसकलं आणि सारा वर्ग बाकांवर पडून हसायला लागला. मला काय झालं ते कळेना. तेवढ्यात मागच्या रांगेतली कुलवा नावाची पोरगी उभी राहिली. चार महिन्यांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती स्वाहिलीत म्हणाली, "मॅडम, न्गुवू. न्गोम्बे बाहेर चरते आहे."

खिडकीबाहेर खरंच एक गाय चरत होती. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग कुलवाला म्हटलं, तूच सांग नियम. ती फळ्यापाशी आली आणि तिनं स्वाहिलीत सांगितला, उदाहरणासकट. विहिरीतून बादली ओढताना पाय मागं का रोवावे लागतात ते तिनं सांगितलं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्या दिवसापासून माझा वर्ग बोलायला लागला.

आता आधी त्यांच्या भाषेत बोलायचं, मग तेच इंग्रजीत लिहायचं. मामा रेहेमांना कळलं तेव्हा त्या रागावल्या.

"परीक्षा इंग्रजीत आहे," त्या म्हणाल्या.

"हो. पण समजणं आधी, इंग्रजी नंतर. मी तशीच शिकले."

"आणि इथवर आलीस?"

"इथवर आले."

त्या हसल्या नाहीत. पण परवा चाचणीचे पेपर त्यांनी स्वतः चाळले आणि पुढच्या वर्षाचा करार टेबलावर सरकवला. मी सही केली. डिसेंबरात महिनाभर घरी येते आहे. सुरभीसाठी इथलं रंगीत कापड घेतलं आहे, खांद्यावरून घेतात ते. तुमच्यासाठी काय आणू ते तानबाकाकांकडून कळवा.

तुमची सून
अपेक्षा


शिन्यांगा
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बापूजी,

पाया पडते, आणि आधी बातमी सांगते. बोर्डाचा निकाल लागला. माझ्या वर्गातलं एकही लेकरू फिजिक्समध्ये नापास नाही. गायीवाली कुलवा सगळ्यांच्या वर आहे. आजवर या शाळेत फिजिक्सला असा निकाल लागला नव्हता, असं मामा रेहेमा स्वतः म्हणाल्या, आणि त्या उगाच काही म्हणत नाहीत.

हे फोनवर सगळ्यांना कळलं आहे. तुम्हालाही कळलं असेल. पण या निकालामागं एक गोष्ट आहे, ती मी घरी कुणालाच सांगितली नाही, सुरभीच्या बाबांनाही नाही. ती तुम्हाला आधी सांगायची होती. तिची सुरुवात आपल्या गावातली. सव्वा वर्षापूर्वी डिसेंबरात घरी आले तेव्हा ती सुरुवात महिनाभर ओठांवर होती. पण तुम्ही माझ्याशी बोलायचात ते सुरभीमार्फत. "सुरभे, तुह्या मायले सांग, भाजीत मीठ कमी हाय." मी समोर वाढत असायची. मीही मग सुरभीमार्फतच मीठ दिलं. अशानं ही गोष्ट सांगता आली नसती.

मागच्या वर्षी जानेवारीत बोर्डाचे फॉर्म भरायचे होते. कच्च्या मुलांना फिजिक्सला बसवायचं नाही, असं शाळेनं ठरवलं. त्यांच्यामुळं शाळेचा निकाल खाली येतो. अशा मुलांत कुलवाचं नाव होतं. तिला सारं समजायचं, पण इंग्रजीत लिहिताना ती अडायची आणि मार्क जायचे.

दोन दिवसांनी मी दहाच्या तासाला शिकवत होते आणि खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर एक म्हातारा उभा होता. धुतलेला सदरा, चपला हातात. चौकीदार त्याला आत सोडत नव्हता. तास संपत आला तरी तो तिथंच. कुणी गाडीतून आलं की बाजूला सरकायचा, हात जोडल्यासारखं करायचा आणि परत येऊन उभा राहायचा. कुलवा म्हणाली, "मॅडम, ते माझे वडील आहेत." तिनं मान खाली घातली.

बापूजी, मला त्या फाटकाशी तुम्ही दिसलात.

माझी जागा गेली त्याच आठवड्यात मी स्कूटीनं अध्यक्षांच्या बंगल्यावरून येत होते. तुम्ही त्यांच्या अंगणात पायरीखाली उभे दिसलात, म्हणून मी कुंपणाआड स्कूटी थांबवली. ते झोपाळ्यावर बसून फोनवर बोलत होते. तुम्हाला बसा म्हटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, माह्या सुनेनं लय मेहनत केली जी. तिले तेवढं पाहा." तुमचे हात जोडलेले होते. तुम्ही कुणापुढं हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. वावराच्या हद्दीवरून धुऱ्याचं भांडण झालं तेव्हा तहसीलदाराशी तुम्ही कसे बोललात ते अजून गावात सांगतात.

मी पुढं आले नाही, तशीच निघाले. तुम्ही मला पाहिलं असतं तर तुम्हाला ते सोसलं नसतं. घरी आले, स्वयंपाक केला, तुम्हाला वाढलं.  दुसऱ्या दिवशी या शाळेचा अर्ज भरला.

तुम्हाला वाटलं, मला घर नकोसं झालं. गावही तेच म्हणालं. पण मला एवढंच कळत होतं की माझ्यासाठी तुम्ही पुन्हा कुणाच्या पायरीखाली उभं राहायचं नाही. हे तेव्हा तोंडावर सांगता आलं नाही. सांगायचं तर मी पाहिलं, हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही रागावून गप्प झालात असं सारे समजतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही माझ्यासाठी गेलात आणि काम झालं नाही, याची तुम्हाला लाज वाटते, असं मला वाटतं. बापूजी, लाज वाटायची तर ती झोपाळ्यावर बसलेल्याला वाटायला हवी होती.

तर मी वर्ग तसाच सोडून फाटकाशी गेले आणि त्या म्हाताऱ्याला शिकामू म्हटलं. तो दचकला. शिक्षिका शेतकऱ्याला आधी शिकामू म्हणत नाहीत इथं. त्याचं नाव मसांजा, कापूस पिकवतो. मी त्याला चौकीदारासमोरून आत नेलं, मामा रेहेमांच्या ऑफिसात खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. म्हटलं, काय ते बोला.

तो फार बोलला नाही. म्हणाला, "पोरगी शेळ्यांमागं चालता चालता याच विषयाचं बोलत असते. मला त्यातलं कळत नाही. पण जे ती रोज बोलते, ते तिला एकदा लिहू द्या."

मामा रेहेमा माझ्याकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "आणि शाळेचा निकाल?"

मी म्हटलं, "सगळ्यांना बसू द्या. एक जरी नापास झालं तरी माझा करार संपवा. मी परत जाईन."

"लिहून देशील?"

मी तिथंच लिहून दिलं. मसांजाला इंग्रजी कळत नव्हतं, पण मी सही करताना तो उठून उभा राहिला.

मग वर्षभर आम्ही काय केलं ते विचारू नका. रविवारी दुपारी गोरखचिंचेच्या सावलीत वर्ग भरायचा. मुलं बोलायची, मग तेच इंग्रजीत लिहायची, मी खोडायची, ती परत लिहायची. कुलवानं तर एकेक उत्तर इतक्यांदा लिहिलं की शेवटी तीच माझी चूक दाखवायला लागली. नोव्हेंबरात पेपर झाले. तेव्हापासून निकाल लागेस्तोवर मी फोनवर हसून बोलत होते आणि इथं सामान बांधायला काढून ठेवलं होतं.

निकालाच्या दिवशी ऑफिसात नेट चालेना. सारे शिक्षक एकाच टेबलाभोवती. पान उघडलं तेव्हा मामा रेहेमांनी चष्मा लावला आणि एकेक नाव वाचायला लागल्या. मी भिंतीशी उभी होते. शेवटचं नाव झालं, त्यांनी चष्मा काढला, माझं लिहून दिलेलं फाईलमधून बाहेर काढलं आणि चार तुकडे करून टोपलीत टाकलं. मग इतक्या करड्या बाईनं जिभेनं तो आवाज काढला, जो इथल्या बाया लग्नात काढतात. स्वयंपाकघरातल्या बाया तो ऐकून धावत आल्या आणि त्यांनीही सुरू केला. मी रडले नाही. मी चुकीच्या स्वाहिलीत नाचले, असं कुलवा म्हणते.

काल पालकांची सभा झाली. मसांजा पहिल्या रांगेत बसला होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, मी कापूस पिकवणाऱ्या घरची सून आहे. माझ्या सासऱ्यांनी माझ्या शिकवण्याची किंमत सगळ्यांच्या आधी ओळखली. कुणीतरी त्यांचं नाव विचारलं. मी सांगितलं. 'पुंडलिकराव' त्यांच्या तोंडात नीट बसेना, 'पुंडिलिका, पुंडिलिका' करत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तिथं असायला हवे होता.

मला सगळ्या विज्ञान विषयांची प्रमुख केलं आहे, आणि पुढच्या तीन वर्षांचा करार दिला आहे. मी तो घेतला. हे तुम्हाला मीच सांगणार, असं सुरभीच्या बाबांना बजावून ठेवलं होतं. आता चार खोल्यांचं घर मिळतं आहे. सुरभीची बारावी परवापासून आहे, ती झाली की दोघं येतील. सुरभीचे बाबा पेरणीला परत जातील. सुरभीचं पुढचं तिचं ती ठरवेल.

आणि तुम्हीही या. एप्रिलात वावर रिकामं असतं आणि आपल्याकडं ऊन भाजून काढतं. इथं तेव्हा बरंच गार असतं, आणि मे लागला की बोंडं फुटतात. मसांजाला मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे. त्याला एक म्हणायचं आहे, तुम्हाला दुसरं म्हणायचं असेल, आणि मध्ये भाषा सांगायला मी आहे. पासपोर्टसाठी वर्ध्याला जावं लागतं. टोपीशिवाय फोटो काढतात, तेवढं सोसा.

आता पत्राची भाषा सोडते, बापूजी. तुमी माह्याशी बोला नाई तरी चालते. सुरभीले सांगा, ते मले सांगन. मीठ कमी हाय म्हना, जास्त हाय म्हना. पन येजा. मी इथं साऱ्याईले सांगून ठेवलं हाय का माहे सासरे येऊन राह्यले म्हनून. आता माहा शब्द खाली पडू देऊ नका.

तुमच्या वाटेकडं डोळे लावून,
तुमची
अपेक्षा